कोल्हापूरचे मिस्त्री

सध्या आमच्या हॉस्टेलवर कन्नड सिनेमांचं राज्य आहे. 'केजीएफ'चे दोन्ही भाग आणि 'कांतारा' किती वेळा पाहून झाले याचा हिशोब कोणी ठेवत नाही. एक हीरो, एक प्रेमप्रकरण, दोन तास दणादण मारामारी! सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा कुठल्या तरी रूममध्ये एका लॅपटॉपभोवती आठ-दहा जणी बसलेल्या असतातच. भाषा कळत नाही म्हणून हिंदीत डब केलेला चालतो, पण सिनेमा कर्नाटकचाच पाहिजे.

या मंडळींना मी एक गोष्ट सांगते. कन्नड भाषेतला पहिला बोलपट 'सती सुलोचना' ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरला प्रदर्शित झाला. सुलोचना म्हणजे रावणाच्या मुलाची, इंद्रजिताची बायको. तिचं नवऱ्यावरचं प्रेम, मग युद्ध आणि त्यात इंद्रजिताचा मृत्यू. म्हणजे लव्ह स्टोरी आणि अ‍ॅक्शन दोन्ही तेव्हापासूनच आहे! आणि या सिनेमाचं शूटिंग कुठे झालं? बंगळूरला नाही, म्हैसूरला नाही, तर आपल्या कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये.

कर्नाटकातली माणसं सिनेमा काढायला कोल्हापूरला का आली? कारण तिथे स्टुडिओ होते, कॅमेरे होते आणि ते चालवणारी शिकलेली माणसं होती. ही माणसं कुठून आली हे शोधत मागे गेलं की आपण एका सुतार-लोहारकाम करणाऱ्या घरात जाऊन पोहोचतो. त्या घरातल्या मुलाचं नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या पुस्तकांत एडिसन होता, राइट बंधू होते, पण बाबूराव नव्हते. म्हणून मराठी विभागासाठी लिहायची वेळ आली तेव्हा मी दुसरं कोणतंच नाव मनात आणलं नाही. शिवाय मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे आणि हा माणूस, माझ्या मते, आमच्याच ब्रँचचा आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कारागीर. लाकूड, लोखंड, कोरीवकाम यांत हात बसलेला. कोणत्याही आर्ट स्कूलमध्ये न जाता मुलगा चित्रं काढायला शिकला, मूर्ती घडवायला शिकला. नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. त्या काळी संगीत नाटकांचा जोर होता आणि राजवाडा, जंगल, नदीकाठ असे सगळे देखावे पडद्यावर रंगवलेले असत. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातल्या मोठमोठ्या नाटक मंडळ्या या दोन भावांकडून पडदे करून घेत. त्यावरूनच मिस्त्रींचे पेंटर झाले. आडनाव कामावरून पडलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो पाहून ज्यांची झोप उडाली त्यांत हे दोघे भाऊ होते. इतकी वर्षं ते स्थिर पडदे रंगवत होते आणि इथे पडदाच हलत होता! त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला आणि सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पण दाखवून समाधान होईना. स्वतः बनवायचा होता.

बनवायचा तर कॅमेरा पाहिजे. फाळक्यांनी आपला विल्यमसन कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. पेंटर बंधूंकडे तेवढा पैसा नव्हता. त्यात १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, विलायतेचा माल येणं मुश्कील झालं. मग दोघांनी ठरवलं की कॅमेरा आपणच करायचा.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हे वाक्य वाचायला सोपं आहे. सेकंड इयरला ज्यांनी थिअरी ऑफ मशीन्स केलंय त्यांना कळेल की सिनेमाचा कॅमेरा हे काय प्रकरण आहे. फिल्म सरळ वाहत गेली तर सगळं चित्र पुसट येईल. ती थांबत थांबत गेली पाहिजे. म्हणजे फिल्म क्षणभर स्थिर उभी राहते, शटर उघडतं, प्रकाश पडतो, शटर बंद होतं, आणि त्या अंधारात एक पंजा फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरून तिला बरोबर चार भोकं खाली ओढतो. ते अंतर असतं १९ मिलिमीटर. मग पंजा बाहेर येतो, वर जातो आणि पुन्हा तेच. मूकपटाच्या काळात साधारणपणे सेकंदाला सोळा चित्रं घेत. कॅमेऱ्याला मोटर नव्हती, हँडल होतं. एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, आणि तेही एकाच लयीत. हाताची लय चुकली की पडद्यावरचा माणूस धावायला लागला किंवा रेंगाळायला लागला.

आता टॉलरन्सचा विचार करा. फिल्मवरचं चित्र सुमारे २४ मिलिमीटर रुंद. ते बारा फुटांच्या पडद्यावर टाकलं की जवळजवळ दीडशे पट मोठं होतं. पंजानं फिल्म एक दशांश मिलिमीटर जरी इकडेतिकडे सोडली तरी पडद्यावर चित्र दीड सेंटिमीटर उडी मारणार. आणि पेटीत सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तर आतली सगळी फिल्म गेली. आम्ही वर्कशॉपमध्ये व्हर्नियर, मायक्रोमीटर, चांगला लेथ आणि डोक्यावर सर उभे असताना जे टर्निंगचे जॉब करतो ते आठवा. त्यातले किती जॉब पहिल्या फेरीत पास होतात हे मी इथे लिहीत नाही, स्टाफ रूममध्येही हा अंक वाचला जातो.

दोन भावांनी हे सगळं कोल्हापुरात, स्वतः सुटे भाग घडवून करायला घेतलं. हाताशी डिप्लोमा नाही, ड्रॉइंग देणारी कंपनी नाही. होतं ते कारागिराच्या घरचं ज्ञान. आणि काम अर्ध्यावर असताना, १९१६ मध्ये, आनंदराव गेले.

बाबूरावांच्या आयुष्यातला मला सगळ्यात अवघड वाटणारा काळ हाच आहे. पुढचे सिनेमे, पदकं, नाव हे सगळं नंतरचं. तेव्हा हातात होता एक अर्धवट सांगाडा, आणि ज्याच्याबरोबर तो सुरू केला तो माणूस नाही. हे काम कोणी मागितलेलं नव्हतं. सोडून दिलं असतं तर कोणी जाब विचारला नसता. पडदे रंगवण्याचा धंदा तर चांगला चालला होता. पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले नावाचा तरुण शिष्य मदतीला होता. त्याला बरोबर घेऊन त्यांनी खटपट चालू ठेवली आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला. तो चालला! आपल्या देशात घडवलेला पहिला सिनेमा कॅमेरा म्हणून आज त्याचं नाव घेतात.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी मदत केली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांमुळे कलावंतांना आधार होताच. कंपनीत जमलेली माणसं पाहिली तर थक्क व्हायला होतं. दामले होते. कागलचे फत्तेलाल होते. पुढे एक पोरगेला तरुण आला, तो आधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करून आलेला. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम. कंपनीत कोणी फक्त नट नसे. सेट उभारणं, रंग देणं, फिल्म धुणं, झाडू मारणं, जे पडेल ते करायचं. आजच्या भाषेत ते फुल टाइम ट्रेनिंगच होतं.

पहिला मोठा सिनेमा 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. कथा कीचकवधाची. ही कथा निवडणंसुद्धा साधी गोष्ट नव्हती, कारण याच कथेवरचं खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक सरकारनं १९१० मध्ये बंद केलं होतं. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना बरोबर कळत होतं. बाबूरावांच्या सिनेमात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की थिएटरात लोक घाबरले. शेवटी तो भाग काढावा लागला. आज कन्नड सिनेमातल्या फायटिंगवर शिट्ट्या मारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आपल्याकडे मारामारीच्या सीनवर कात्री चालण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे! लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी आणि सुवर्णपदक दिलं. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० ला, लोकमान्य गेले.

'सैरंध्री'तली आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषानं केली होती, कारण काम करायला बाईच मिळाली नाही. बाबूरावांनी स्त्रियांची कामं स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्याची किंमतही त्यांनी दिली, समाजानं त्यांना दूर ठेवलं. त्यांना सावरून घेतलं ते कंपनीनं. बाबूरावांच्या पदकाबद्दल सगळे लिहितात, या दोघींबद्दल दोन ओळीसुद्धा सापडत नाहीत. आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या आहेत. पहिल्यांदा लेथपुढे उभं राहिल्यावर सगळं वर्कशॉप आपल्याकडे बघतंय असं वाटतं. त्या दोघींकडे तर सगळं गाव बघत होतं.

पुढची वर्षं भरभराटीची. १९२३ मध्ये 'सिंहगड' आला. हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा. तानाजीनं गड चढला तो रात्री. पण तेव्हा शूटिंग सूर्यप्रकाशात होत असे, ढग आला की काम बंद. बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्र उभी केली. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि शेलारमामा झाले शांताराम.

पेंटर असल्याचा फायदा त्यांना पदोपदी होत होता. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटायचा, आणि निळा फिक्कट पडायचा. म्हणजे कोणता रंग पडद्यावर कसा उतरेल हे आधी डोक्यात बसवून कपडे, मेकअप आणि सेट ठरवावे लागत. बाबूराव प्रत्येक प्रसंगाची चित्रं आधी काढत. नाटकासारखे रंगवलेले पडदे मागे टांगणं त्यांनी सोडलं आणि भिंती, खांब, पायऱ्या असलेले खरे सेट उभे केले. ज्या माणसानं पडदे रंगवून नाव कमावलं त्यानंच पडदे काढून टाकले, हे मला फार आवडतं. सिनेमाची पोस्टर्सही ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर भारतीय सिनेमाच्या अगदी जुन्या पोस्टरांमध्ये मोजलं जातं.

आणि मग १९२५. 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपट्यांची. देव नाहीत, राजे नाहीत, तलवारी नाहीत. एक गरीब शेतकरी, त्याची जमीन आणि एक सावकार. कर्जाच्या कागदावर जमीन जाते आणि शेतकरी शहरात मजुरीला लागतो. तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं. एक झोपडी, अंधार आणि बाहेर रडणारं कुत्रं, हा प्रसंग पाहणाऱ्यांच्या मनातून पुढे कित्येक वर्षं गेला नाही. पण लोकांनी सिनेमा उचलून धरला नाही. पौराणिक आणि ऐतिहासिक सिनेमांची सवय झालेल्यांना आपलंच दुःख तिकीट काढून पाहायचं नव्हतं. बाबूराव पुन्हा पोशाखी सिनेमांकडे वळले.

सोमेश्वरनगरला राहून हा सिनेमा समजायला पुस्तक लागत नाही. दिवाळीनंतर कारखाना सुरू होतो, आणि हॉस्टेलच्या गच्चीवरून ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या दिसायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते आणि सीझनभर ती फेडायची असते. नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. आपल्या सगळ्यांच्या फीमध्ये कुठेतरी उसाचं बिल आहे. माझ्या तर नक्कीच आहे. घरी बिल जमा झाल्याचा मेसेज येतो आणि मग माझी फी भरली जाते. म्हणून १९२५ साली कोल्हापुरातल्या एका माणसाला कॅमेरा कर्जाच्या कागदाकडे वळवावासा वाटला, ही गोष्ट मला 'सिंहगड'पेक्षाही मोठी वाटते. ज्यानं यंत्र घडवलं त्यानंच हेही ठरवलं की ते यंत्र कोणाकडे बघेल.

चांगल्या दिवसांना ओहोटी लागते तशी इथेही लागली. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली सगळ्यात चांगली माणसं एकदम बाहेर पडली. वाईट कोणालाही वाटेल. पण दुसऱ्या बाजूनं बघा, प्रभातनं १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' दिला. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेवर पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली. हे सगळं त्या हँडलच्या कॅमेऱ्याच्या पुढचे फेरे आहेत.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. बाबूराव चित्रकार. सिनेमा डोळ्यांनी सांगायचा असतो ही त्यांची धारणा. बोलपटाकडे ते मनापासून वळले नाहीत. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. तरी १९३५ मध्ये शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा' केला आणि १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा केला, या वेळी आवाजासह. अकरा वर्षांपूर्वी न चाललेला विषय परत हातात घ्यायला हिंमत लागते.

१९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' आला. निर्माते होते व्ही. शांताराम, आणि दिग्दर्शनासाठी त्यांनी आपल्या गुरूला बोलावलं होतं. पुढे काम शांतारामांनाही हाती घ्यावं लागलं, म्हणून श्रेयनामावलीत दोघांची नावं आहेत. ज्यानं कंपनी सोडली त्याच्याच स्टुडिओत गुरू काम करायला गेले. दोघांच्याही मनाचा मोठेपणा म्हणायचा.

शेवटची वर्षं बाबूरावांनी पुन्हा चित्र आणि शिल्प यांत घालवली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

आज त्यांचे मूकपट पाहायचे म्हटले तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. १९२५ चा 'सावकारी पाश' नाही, 'सिंहगड' नाही, 'सैरंध्री' नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यांतले अगदी थोडे उरलेत. तेव्हाची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, दमट हवेत सडायची, आणि तिच्यातली चांदी काढून विकणारेही होते. आपण ज्या माणसाला थोर म्हणतो त्याचं काम बघूच शकत नाही, ही फार विचित्र परिस्थिती आहे. चित्रकाराचं चित्र भिंतीवर राहतं, बाबूरावांचं धुरात गेलं. राहिलं ते त्यांनी शिकवलेल्या माणसांच्या हातात. आणि पुढे त्याच कोल्हापुरात कन्नड बोलपटसुद्धा तयार झाला.

आता थोडं कामाचं. फायनल इयर प्रोजेक्टची यादी लागायला अजून वेळ आहे. आपण कॅमेऱ्याच्या पंजाची यंत्रणा करून बघूया असं माझ्या मनात आहे. हँडल, कॅम, पंजा, शटर, आणि १९ मिलिमीटर सरकणारी पट्टी. लेन्स नको, फिल्म नको. फक्त पट्टी सेकंदाला सोळा वेळा थांबते का आणि प्रत्येक वेळी त्याच जागी थांबते का, एवढं मोजायचं. बाबूरावांकडे नसलेलं सगळं आपल्याकडे आहे. लेथ आहे, कॅड आहे, गाइड आहेत, आणि चुकलं तर दुसरा जॉब कापायला मटेरियलसुद्धा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी प्रॅक्टिकलनंतर मशीन शॉपमध्ये भेटा. सिव्हिल, कॉम्प्युटरवाले आले तरी चालतील. कन्नड सिनेमा त्यानंतर लावू.